उष्ट्या चमच्याची करामत

मी चोरली ती फक्त चमचाभर! झिऊसाठी केलेली नाचणीची लापशी कशी लागते ते पाहिलं आणि चमचा परत वाटीत ठेवून दिला. अर्ध्या तासानं येऊन बघते तर काय, चमचा उभा राहील इतकी घट्ट लापशी ताकासारखी पातळ झालेली!

"पाणी कुणी ओतलं?" पळीराव कडाडले. पळीराव म्हणजे दापोलीजवळच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, आमच्या अवकाशतळाचे स्वयंपाकी यंत्रमानव.

"मी नाही!" मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

झिऊ आमचा पाहुणा. दूरच्या ग्रहावरून आलेल्या यानातून चुकून मागे राहिलेलं पोर. त्याचं तोंड गवताच्या काडीएवढं बारीक होतं. घट्ट लापशी त्यातून जात नसे आणि पाणी घालून पातळ केली की पोटात नुसतं पाणीच. बिचारा दोन पावलं चालला तरी धापा टाकायचा. उद्या संध्याकाळी त्याची आई यान घेऊन येणार होती, पण इतक्या अशक्त मुलाला उड्डाण झेपलं नसतं. पुढचं यान थेट अकरा वर्षांनी!

मी वाटी घेऊन वासंतीआत्याकडे धावले. आत्या तळावरची जीवशास्त्रज्ञ. तिनं आधी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शाल्मली, उष्टा चमचा वाटीत घातलास ना?"

मी मान खाली घातली.

"शाब्बास!" आत्या ओरडली. मी चाटच पडले.

"अगं, नाचणीत पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे साखरेचे कण जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. शिजल्या की त्या फुगतात, पाणी धरून ठेवतात, म्हणून लापशी घट्ट होते. आता तुझ्या लाळेत आहे एक विकर (पेशींनी बनवलेलं, एखादं ठरावीक काम झपाट्यानं उरकणारं प्रथिन). त्यालाच एंझाइम म्हणतात. त्याच्या अंगावर एक खोबण असते. पिष्टाची साखळी तिच्यात नेमकी बसते, कट्कन तुटते, आणि विकर जसंच्या तसं पुढच्या साखळीकडे वळतं. तुकड्यांना पाणी धरता येत नाही. लापशी पातळ, पण अन्न तेवढंच!"

"मग झिऊच्या पातेल्यात थुंकू?"

"शी! पाहुण्याला उष्टं देतात का कुणी?" आत्या हसायला लागली. "तसलंच विकर मोड आलेल्या नाचणीत असतं."

आम्ही स्वयंपाकघरात धावलो, पण कोठीत मोडाच्या नाचणीचं पीठ जेमतेम मूठभर निघालं. नवीन मोड आणून, वाळवून, दळायला तीन-चार दिवस लागले असते.

"साध्या नाचणीत का नसतं ते?" मी विचारलं.

"दाण्यातलं पिष्ट ही रोपाची शिदोरी. विकर कायम कामावर असतं तर ती कणगीतच संपली असती! पाणी मिळालं की दाण्यातला अंकुर संप्रेरक (पेशींना निरोप पोचवणारं रसायन) पाठवतो. मग पेशी विकर बनवायला घेतात. साखर भरपूर साठली की ते बनवणं मंदावतं."

म्हणजे 'पुरे' कधी म्हणायचं हे दाण्यालाही कळतं. मला आंबे खाताना ते अजून जमलेलं नाही.

एवढ्यात पळीरावांनी ते पीठ उचललं आणि रटरटणाऱ्या पातेल्यावर धरलं.

"थांबा!" मी त्यांच्या हाताला लोंबकळले. "आत्या, माझी वाटी कोमट होती. उकळत्यात विकर टिकेल?"

"अजिबात नाही!" आत्यानं पीठ काढून घेतलं. "विकराची विशिष्ट घडी असते, म्हणून ती खोबण तयार होते. फार तापलं की घडी उलगडते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होतो का?"

"न उकळलेलं पाहुण्यांना वाढायचं नाही. नियम सातवा," पळीराव अडून बसले.

"मग पातळ झाल्यावर उकळा," मी म्हणाले. "तोवर विकराचं काम झालेलं असेल."

पळीरावांचे दिवे दोनदा लुकलुकले. "मान्य."

लापशी कोमट झाल्यावर आम्ही पीठ कालवलं. बघता बघता ती सैल झाली, पळीरावांनी ती उकळून निववली आणि झिऊनं पहिली वाटी एका दमात ओढली. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सात वाट्या!

यान उतरलं. त्यांच्या डॉक्टरांची अट एकच होती, झिऊनं बारा पायऱ्या स्वतः चढायच्या. मी मुठी आवळून मोजत होते. आठव्या पायरीला तो थांबला आणि माझं मोजणंही थांबलं. पण तो नुसता मला हात करायला थांबला होता! उरलेल्या चार तो धावतच चढला आणि आईच्या कुशीत शिरला. मला आनंदानं रडूच आलं.

"आत्या, आपल्या शरीरात अशी किती विकरं असतील गं?"

"हजारो. त्यातल्या कित्येकांचं काम अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

"मग तेवढी माझ्यासाठी शिल्लक ठेव," मी डोळे पुसत म्हणाले.