दमाची जागा

लढाई सुरू झाली त्या सालची गोष्ट. रिसोडच्या बाजारात बंडीतून उतरताना माह्या हातातली बाजाची पेटी निसटली, अन् खाली बसलेल्या एका पोट्ट्याच्या मांडीवर जाऊन पडली. तो ओरडला नाही. भाता हलवून पेटीले कान लावला अन् म्हणाला, "लागलं मले, अन् कण्हून राह्यली हे."

तो इंद्रभान. पेट्याच दुरुस्त करायचा. संगं आलेले मामा हसले, अन् मले मेल्यावानी झालं.

पेटी माह्या बाबाची. दिवाळीत बाबा गेले अन् ती माह्याकडं आली. तिची एक पांढरी पट्टी मुकी होती. ती बोलती करावी, का बाबाची आठवण म्हणून तशीच ठेवावी... माहं काही ठरत नव्हतं.

इंद्रभान म्हणे, बाबाचं भजन म्हणून दाखवा. मी म्हटलं, तं मधातच तो माह्या तोंडाकडं पाहत राह्यला.

"इथं दम काहून घेता? इथं तं सूर आहे."

"आमच्या रिठदात सारेच घेतात..."

बोलता बोलता मलेच उमगलं. पट्टी वाजत नाही म्हणून बाबा तिथं थांबायचे, अन् बाबा थांबायचे म्हणून सारं गाव. इतकी वर्षं आमी दात पडलेलं भजन गात होतो, बाई.

त्यानं पेटी उघडली. त्या सुरात चिंधी कोंबलेली होती. जांभळी, बारीक चौकड्याची... मायच्या लुगड्याची होती ती. माय बाबासंगं गायची, अन् त्याच सुरावर तिचा आवाज चढायचा. ती गेली तवा बाबा म्हणाले होते, पट्टी बिघडली. बिघडली नव्हतीच. बाबानंच तिचं तोंड बांधलं होतं.

"काढू?" त्यानं हळूच विचारलं. "का राहू देऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं. तो झाकण लावाले लागला, तसा माहा जीव कासावीस झाला. माय तं याच्यातच होती. मी हात घातला अन् चिंधी ओढून काढली.

त्यानं भाता धरला, मी पट्टी दाबली. सूर निघाला अन् मी रडली नाही असं नाही. त्यानं मान फिरवली, पण भाता थांबवला नाही.

"आता गावाले शिकवा लागन," तो म्हणाला. "एकादशीले येऊ?"

"शिकवून लगेच परत जासान?"

"ते... तुमच्या हाती आहे."

एकादशीले पेटी त्याच्या पुढ्यात होती. ती जागा आली, अन् सारं गाव सवयीनं दम घ्यायले थांबलं. बायांमधून माहा अन् पेटीमागून त्याचा, असे दोनच आवाज त्या सुरावर चढले. टाळ जागच्या जागी राह्यले. सोजरबाई काकूनं तोंडाले पदर लावला. मामानं एकदा माह्याकडं पाह्यलं, एकदा त्याच्याकडं.

सकाळी मामानं माह्या सोयरिकीचं बोलाले इंद्रभानच्या गावाले जायले बंडी जुंपली.