दोनच मिनिटं

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर गुदरली त्या झुंबरला सिल्वासात जाऊन विचारा. तो बोलणार नाही. पण त्याच्या खोलीचं दार तेवढं बघून या.

१९९४ चा एप्रिल. गुरुवार. दुपारचे पावणेतीन.

हो, दुपारच. भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?

झुंबर मूळचा साक्रीकडचा. सुताच्या कारखान्याचा माल तो आपल्या टेम्पोने वाहायचा. किलवणी रोडच्या मागच्या गल्लीत त्याची एक खोली. समोरच्या घरात कचेरीत नोकरी करणारे भगवंतराव आणि त्यांची म्हातारी आई, केसरबाई. त्यांच्या फाटकावर जांभळाची छान सावली. झुंबरचा टेम्पो रोज त्या फाटकाला चिकटून आडवा. हँडब्रेक मेलेला, म्हणून चाकाखाली दगड. दगड तरी कसला, तर केसरबाईंनीच टाकून दिलेला अर्धा वरवंटा.

"अरे झुंबर, आमची फियाट बाहेर काढायची कशी रे?" आजी विचारायच्या.

"दोनच मिनिटं, आजी!"

आणि हा गडी जेवून खुशाल ताणून द्यायचा.

आदल्या वर्षी अशाच एका दुपारी आजींच्या छातीत कळ आली. भगवंतरावांनी त्यांना फियाटमध्ये बसवलं. फाटक चार बोटं उघडलं आणि टेम्पोला अडलं. माणूससुद्धा बाहेर पडेना. हॉर्न दाबून दाबून ते रडकुंडीला आले. वीस मिनिटांनी झुंबर उगवला. "नाक्यावर गेलो होतो," म्हणाला.

तोवर आजी फाटकाच्या आतच गेल्या होत्या.

भगवंतराव भांडले नाहीत. त्यांनी बोलणंच सोडलं. झुंबर टेम्पो गल्लीबाहेरच्या मैदानात लावू लागला. वरवंटा फाटकाशी तसाच पडून राहिला.

त्या गुरुवारीही टेम्पो मैदानातच होता. बॅटरीसुद्धा काढून चार्जिंगला दिलेली.

झुंबरची सहा वर्षांची सोनी तापाने फणफणली होती. अचानक तिला आकडी आली.

"अहो, पोरीचे डोळे फिरले! उचला ना!" त्याची बायको चंदा किंचाळली.

झुंबरने पोरीला उचललं आणि दाराला धक्का दिला.

दार चार बोटं उघडलं... आणि अडलं.

फटीत निळा पत्रा. त्याचाच टेम्पो.

खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकीला गज. तो वेड्यासारखा खांद्याने धडका देऊ लागला. "कोणी हाय का? हटवा रे ही गाडी!" गल्लीतली माणसं कारखान्यात पाळीवर गेलेली. सोनीचे ओठ काळेनिळे पडत चालले.

मग आवाज आला...

खर्र... खर्र...

बाहेर कुणीतरी वरवंटा ओढत होतं.

"आजी..." झुंबरच्या तोंडून निघालं. "पोर मरंल वो माझी!"

पत्र्यापलीकडून, अगदी शांतपणे...

"दोनच मिनिटं."

चंदाने तोंडात पदर कोंबला. झुंबरने दाराच्या फटीला तोंड लावलं. वर्षभर कुणालाच न सांगितलेलं त्याच्या ओठांवर आलं.

"मी नाक्यावर नव्हतो, आजी. इथंच पडलो होतो. हॉर्न ऐकला. म्हटलं, वाजवू दे... आन् कूस बदलली."

खर्र थांबलं.

दार आपसूक उघडलं. बाहेर टेम्पो नव्हता. उंबऱ्यापाशी अर्धा वरवंटा... ओला. समोरचं फाटक सताड उघडं आणि फियाट चालू.

"बस लवकर!" भगवंतराव ओरडले.

सोनी वाचली.

संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर झुंबरने विचारलं, "साहेब, तुम्हाला कसं कळलं?"

"आज आईचं वर्षश्राद्ध, म्हणून घरी होतो. तुझ्या टेम्पोचा हॉर्न सारखा वाजत होता. बाहेर येऊन बघतो, तर गल्ली मोकळी."

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"तू आतून जे बोललास तेही ऐकलं, झुंबर."

एवढं म्हणून ते उठले आणि गाडीत जाऊन बसले.

टेम्पो मैदानातच होता. बॅटरी दुकानात. पत्रा आपणही पाहिला, असं चंदा आजही सोनीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.

दुसऱ्याच दिवशी झुंबरने दार बिजागरीसकट काढून टाकलं. तेव्हापासून तिथे नुसता पडदा आहे.

मी तो पाहिलाय. वारा नसतो. पावणेतीन वाजतात. पडदा चार बोटं सरकतो... आणि अडतो.