उजव्या हाताची बोटं

शिंप्याने कोटाच्या खांद्याची शिवण उसवायला घेतली होती, तेवढ्यात एक बाई दुकानात आली आणि अपघातांचा तपास करणारे इथेच बसतात का म्हणून विचारू लागली. इथेच बसत. दुकानाच्या मागच्या खोलीत शिंप्याचे साडू बसत. विमा कंपनीत वीस वर्षं अपघात तपासून झाल्यावर त्यांनी हेच काम स्वतःच्या जिवावर सुरू केलं होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या म्हणत, एकाला नजर मिळाली आणि दुसऱ्याला सुई. हे ऐकून तपासनीस हसत. शिंपी हसत नसे.

बाईचे वडील मोटरसायकल शिकवणाऱ्या संस्थेत तीस वर्षं प्रशिक्षक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकल्याची नोंद असलेली एक परिचारिका परीक्षा पास झाल्यावर तीन आठवड्यांत उभ्या ट्रकवर मागून जाऊन आदळली. अजून ती बेशुद्ध होती. रस्त्यावर फक्त मागचं चाक घसरल्याची खूण उमटली होती. पुढचा ब्रेक तिने दाबलाच नव्हता, आणि तो दाबायला शिकवला नाही असा ठपका मास्तरांवर आला होता. परवा समिती बसून त्यांचा परवाना कायमचा काढून घेणार होती.

"बाबा म्हणतात, सही माझी आहे, चूक माझी आहे. पुढे एक अक्षर बोलत नाहीत," ती म्हणाली. "मला त्यांनीच शिकवलं. समोर ट्रक दिसला की काय करायचं, हे बाबांनी शिकवलं नाही असं होणंच शक्य नाही."

हे सांगताना तिच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं हवेत पुढे झाली आणि मिटली. बिचारी किती बेचैन झालीय, असं शिंप्याला वाटलं. तपासनीस मात्र त्या बोटांकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे संस्थेत गेले. मोठं डांबरी मैदान, त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघा आणि कडेला एक लांबट खोली. संचालकांनी नोंदवही पुढे केली. नियम सरळ होता. धडे एकेकट्याचे, आणि जो धडा घेईल त्याने तिथल्या तिथे सही करायची. परिचारिकेच्या आठही धड्यांपुढे मास्तरांची सही होती, वेळ सकाळी सहाची. तिची ड्यूटी आठला लागे, म्हणून ती त्या वेळी येई आणि मैदानावर तेव्हा दुसरं कुणी नसे.

"घाबरल्यावर कुणीही पायाने ब्रेक दाबतो. परीक्षेत ती रेघेवर बरोबर थांबली होती," संचालक म्हणाले.

परीक्षेचं चित्रीकरण संस्थेत ठेवलेलं होतं. तपासनीसांनी ते तीनदा पाहिलं. परिचारिका सावकाश येत होती, शांतपणे थांबत होती. उजव्या हाताची चारही बोटं मुठीभोवती घट्ट होती, पुढच्या ब्रेकची लिव्हर मोकळीच होती. ब्रेकचं सगळं काम पाय करत होता. तेवढ्या वेगाला पाय पुरला होता.

दुसऱ्या प्रशिक्षक बाई तरुण आणि तिखट होत्या. मास्तर गेले तर त्यांची जागा आपल्याला मिळेल, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. सकाळचं मैदान आपण कधी पाहिलेलं नाही, आपण दुपारी येतो. दर दोन वर्षांनी परीक्षकासमोर गाडी चालवून परवाना नवा करावा लागतो, आपला गेल्याच महिन्यात झाला, असंही त्यांनी ऐकवलं.

तिसरा भेटला तो मास्तरांचा जावई, म्हणजे दुकानात आलेल्या बाईचा नवरा. तोही मूळचा प्रशिक्षक, पण सहा महिन्यांपूर्वी त्याची ती परीक्षा राहून गेली होती, म्हणून सध्या तो फक्त गाड्यांची देखभाल करत होता. मैदानाच्या किल्ल्या त्याच्याकडेच असत. माणूस गोड बोलणारा. दोन वर्षांपूर्वी पडलो होतो, आता एकदम ठणठणीत आहे, असं सांगत त्याने गाड्यांच्या खोलीचं जड शटर डाव्या हाताने ओढून घेतलं.

निघताना शिंप्याची नजर खुंट्यांवरच्या हातमोज्यांकडे गेली. प्रत्येक खुंटीवर नाव होतं. शिवण दिसली की त्याचा हात आपोआप तिकडे जाई. मास्तरांच्या उजव्या मोज्याची पहिली दोन बोटं झिजून पुन्हा शिवलेली होती. बाईंचे मोजे सगळीकडे सारखे वापरलेले होते. जावयाच्या उजव्या मोज्याचा तळवा पार गुळगुळीत झाला होता आणि बोटं कोरी करकरीत होती.

"कातडं दोन प्रकारचं लावलेलं दिसतंय," शिंपी म्हणाला. "फसवलंय त्याला दुकानदाराने."

"साडूभाऊ, नीट बघून सांगा. कातडं खरंच वेगळं आहे का?"

शिंप्याने मोजा उलटा करून पाहिला. कातडं एकच होतं. वापर तेवढा वेगळा होता. तपासनीसांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोजा पुन्हा खुंटीवर टांगला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, समितीच्या आधी, सगळे त्याच लांबट खोलीत जमले. मास्तर खिडकीपाशी बसले होते. लेक त्यांच्या शेजारी, जावई दाराशी उभा.

तपासनीसांनी आवाज न चढवता सुरुवात केली. "परिचारिका घाबरली म्हणून तिने पुढचा ब्रेक दाबला नाही, असं म्हणतात. पण परीक्षेत ती शांत होती आणि तेव्हाही तिची बोटं लिव्हरकडे गेली नाहीत. म्हणजे ती शिकली होती तेच करत होती. आता मास्तरांची लेक बघा. परवा दुकानात ट्रकचं नाव काढताच बसल्याबसल्या तिची बोटं मिटली. मास्तरांनी शिकवलेला माणूस असा असतो. तेव्हा परिचारिकेला मास्तरांनी शिकवलेलं नाही."

लेकीने सुटकेचा श्वास टाकला. शिंप्यालाही बरं वाटलं.

"मग शिकवलं कुणी? दुपारच्या बाईंच्या मोज्यांची बोटं झिजलेली आहेत, त्या दोन्ही ब्रेक वापरतात. सकाळी सहाला मैदान उघडणारा माणूस एकच. त्याच्या मोज्याचा तळवा मूठ पिळून पिळून झिजलाय, पण बोटं कधी लिव्हरवर मिटलेलीच नाहीत. आमच्या साडूंनी हे पाहिलं, मी फक्त ऐकलं." ते दाराकडे वळले. "बाहेर गाडी उभी आहे. पुढची लिव्हर दाबून दाखवता?"

जावयाने तिथेच उभ्या उभ्या उजवा हात वर केला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली.

पडल्यापासून बोटांतला जोर गेला होता. परवान्याची परीक्षा राहून गेली नव्हती, त्याने ती टाळली होती. परिचारिकेला पुढचा ब्रेक त्याने तोंडी सांगितला होता, करून कधीच दाखवला नव्हता. शिकणारा माणूस कानाने कमी आणि डोळ्यांनी जास्त शिकतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मला सांगितलं असतंत," लेक नवऱ्याला म्हणाली. मग ती वडिलांकडे वळली. "आणि तुम्ही सह्या केल्यात."

मास्तर पहिल्यांदा बोलले. हात सुधारेपर्यंत जावईबापूंचं काम टिकावं, तुझं घर टिकावं, एवढंच मनात होतं, असं ते म्हणाले. आठवड्याच्या शेवटी ते एकदम सह्या करत. सकाळी सहाला मैदानावर ते एकदाही गेले नव्हते.

"सही म्हणजे मी पाहिलं," ते म्हणाले. "मी पाहिलं नव्हतं. परवाना जाऊ दे. मी गप्प राहिलो तर निदान एकावरच भागेल, असं वाटलं."

"एकावर भागत नाही, मास्तर," तपासनीस हळूच म्हणाले. "सहा महिन्यांत सकाळच्या वेळी आणखी किती जण शिकले?"

खोलीत कुणालाच हे सुचलं नव्हतं. शिंपी मोजे आणि सह्या यांतच अडकला होता. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"तिला धरून अकरा," जावई म्हणाला.

मास्तर उठले. समितीची वेळ होत आली होती, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. नोंदवही उघडून त्यांनी पहिलं नाव शोधलं आणि फोन लावला. आज गाडी काढू नका, चालत या, मी स्वतः शिकवतो, उशीर झाला पण शिकवतो, असं काहीतरी ते आधीच पुटपुटत होते. घंटी वाजत राहिली.

"हा या वेळी कामाला निघतो," जावई खालच्या आवाजात म्हणाला.

मास्तरांनी पुन्हा फोन लावला. लेकीने वहीतला पत्ता वाचला, कुणाकडेही न बघता शिरस्त्राण उचललं आणि बाहेर जाऊन गाडी सुरू केली. शिंप्याने खिडकीतून पाहिलं. फाटकाशी वळताना तिची दोन बोटं लिव्हरवर होती. आत फोनची घंटी अजून वाजतच होती.