दोन समन्वयक आणि एक जाहीर नकार

नूतन आणि मनिष यांची निवड एकमताने झाली, आणि त्यामुळे त्यांचं लग्न झालं नाही.

हे वाक्य चुकून आधी आलं. वाचलं नाही असं समजा. अजून काहीच झालेलं नाही. २०१७ चा सप्टेंबर संपत आलाय, कासा नाक्यावर भुरभुर पाऊस आहे, आणि नूतन तलासरीच्या जीपमध्ये अर्धी बसली आहे. अर्धीच, कारण उरलेल्या नूतनला जागा नव्हती.

"दादा, सुटणार किती वाजता?"

"भरली की."

"भरलीये की."

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. माणसं, गोण्या, एक कोंबडा. "कुठे भरली?" असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

नूतनने मोबाइलमध्ये नोंद केली – वेळ : अनिश्चित. ती डहाणूजवळच्या आगर गावची, चिकूच्या वाडीवाल्या गोविंदरावांची मुलगी. डहाणू-तलासरीच्या जीप कधी सुटतात हे फोनवर दाखवणारं एक सॉफ्टवेअर तिने बनवलं होतं. ओपन सोर्स. म्हणजे कोणीही वापरावं, कोणीही दुरुस्त करावं, आणि पैसे कोणालाच मिळू नयेत.

"अनिश्चित काय?" शेजारून आवाज आला. "मी कधीची दुरुस्ती पाठवतोय. वेळेच्या जागी माणसं दाखवा. बारा बसली, दोन बाकी. तुम्ही दर वेळी नाकारता."

नूतनने मान वळवली. जेवढी वळत होती तेवढी.

"ताडगोळा... तुम्ही?"

ताडगोळा हे त्याचं इंटरनेटवरचं नाव. खरं नाव मनिष, तलासरीजवळच्या पाड्यातला, तलासरी नाक्यावर झेरॉक्सचं दुकान. गेले चार महिने दोघं रोज भांडत होती आणि एकमेकांचं तोंड आज पाहत होती.

"मला वाटलं, तुम्ही पुण्यातले कोणी निवृत्त गृहस्थ असाल," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही पुरुष असाल."

"का?"

"एवढं ठामपणे चुकीचं बोलता म्हणून."

जीप सुटली. ताडपत्रीच्या फाटक्या कोपऱ्यातून पाणी नेमकं नूतनच्या खांद्यावर पडू लागलं. मनिषने हात लांब करून तो कोपरा दाबून धरला. त्याची बाही कोपरापर्यंत भिजली.

"हात काढा, दुखेल."

"माझी दुरुस्ती मंजूर करा, काढतो."

नूतनने मंजूर केली. पण तलासरी आल्यावर.

त्यानंतर तिला दर शनिवारी तलासरीत काम निघू लागलं. दुकानात झेरॉक्स मशीन गरम होईपर्यंत दोघं गप्पा मारत, आणि ते मशीन गरम व्हायला फार वेळ घेई. मनिष ते मुद्दाम बंद करून ठेवायचा, हे गिऱ्हाइकांनाही कळलं होतं. तुम्हीचं तू झालं. घरी गोविंदरावांनी एकदा विचारलं, "हे ताडगोळा म्हणजे कुठले?" "तलासरीचे," नूतन म्हणाली. गोविंदराव बराच वेळ चिकूच्या झाडाकडे पाहत राहिले. झाडानेही काही मत दिलं नाही.

मग फेब्रुवारीत ती इंटर्नशिप आली.

परदेशातली एक संस्था होती. सॉफ्टवेअरच्या जगात ज्यांना कोणी आत घेत नाही – मुली, आदिवासी पोरं, गावाकडची माणसं – त्यांना ती पगारी काम शिकवायची. मनिषच्या पाड्यातल्या सुषमाचा अर्ज तयार होता. ती कॉलेज सोडून भावाच्या मोबाइलवर कोड लिहायची. भाऊ घरी असेपर्यंत. यंदा जमलं नाही तर तिला वापीच्या कंपनीत पॅकिंगला लावायचं घरच्यांनी ठरवलं होतं.

अट एकच. प्रकल्पाला, म्हणजे इथे नूतनच्या जीपवाल्या सॉफ्टवेअरला, दोन स्वयंसेवक समन्वयक हवेत. उमेदवार दोघांनी स्वतंत्रपणे निवडायचे, म्हणून त्या दोघांचं आपसात काही नातं नको. प्रेमाचंही नको, असं कंसात लिहिलं होतं; एकतर्फी चालेल, असं त्याखाली बारीक अक्षरात.

नूतनने आधी भावाला, पीयूषला विचारलं.

"काय मिळेल?" पीयूष म्हणाला.

"काही नाही."

"काम किती?"

"भरपूर."

"विचार करून सांगतो," पीयूष म्हणाला. तो अजून विचार करतोय. आणि भाऊ म्हणून तसाही बाद होता.

उरली दोघंच. ओपन सोर्समध्ये समन्वयकांची निवडही बंद खोलीत होत नाही. सगळी चर्चा इंटरनेटवर, साऱ्या जगासमोर. ज्याने त्याने आपले हितसंबंध आपणच जाहीर करायचे. शेवटच्या दिवशी दुपारी नूतन वाडीत चिकू निवडत होती, तेव्हा फोन वाजला. मनिषने जाहीर केलं होतं :

'सुषमा माझ्या पाड्यातली आहे, नातेवाईक नाही. नूतनबाबत माझ्या बाजूने हितसंबंध आहे. तिच्या बाजूचं मला माहीत नाही. तिने कृपया खुलासा करावा.'

खाली फिनलंडच्या एका बाईंनी विचारलं होतं, हितसंबंध कितपत आहे?

मनिषचं उत्तर – 'मध्यम ते मुसळधार.'

नूतनने फोन लावला. हातात कच्चा चिकू तसाच.

"हे इथे लिहायचं असतं का, मनिष?"

"नियम आहे."

"आधी मला सांगायचं असतं."

"तुला आधी सांगितलं असतं तर लपवल्यासारखं झालं असतं ना."

तिकडे झेरॉक्स मशीनची घरघर. आज चालू होतं.

"तू खरं काय ते लिही," तो म्हणाला. "आहे तर आहे... नाही तर नाही. तुला खोटं जमत नाही, माहितीये मला."

आहे लिहिलं तर एक समन्वयक बाद, प्रकल्प बाद, सुषमा वापीला. आणि नाही लिहून त्याच्या कानात हळूच 'आहे' सांगावं, तर हा प्रामाणिक माणूस संध्याकाळपर्यंत तेही जाहीर करणार. जगात इतकी माणसं खोटं बोलतात, आणि तिच्या वाट्याला हा आला होता.

तिने लिहिलं – 'माझ्या बाजूने हितसंबंध नाही.'

ब्राझीलच्या कोणीतरी त्याला अंगठा दिला. निवड एकमताने झाली.

पुढच्या शनिवारी मनिषने तिच्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला, आणि "बसा मॅडम" म्हणाला. मशीन आधीच गरम होतं.

सुषमाला इंटर्नशिप मिळाली. पहिल्या पगारात तिने भावाला नवा मोबाइल घेऊन दिला आणि जुना स्वतःकडे ठेवला. त्याच्या कीबोर्डची तिला सवय होती. त्यानंतर दर सहा महिन्यांनी नव्या मुलांची निवड यायची, आणि नूतन आणि मनिष एका कागदावर शेजारी शेजारी सह्या करायची, की आमचं आपसात काही नाही. लोक लग्नात जशा सह्या करतात तशाच, साक्षीदारांसह.

नूतन थांबली. सुषमा तयार झाली की ती आपली जागा घेईल, मग आपण मोकळ्या, मग सांगू. २०१९ च्या ऑक्टोबरात सुषमा समन्वयक झाली. त्याच दिवशी नूतन तलासरीत उतरली.

"मनिष, मी सुटले."

"बघितलं. अभिनंदन." त्याने कागद नीट लावले. "मी पण सांगणारच होतो. उधवा गावची मुलगी आहे. माघात लग्न ठरलंय."

रस्त्यावरून अच्छाडच्या चेकनाक्याकडे ट्रक जात राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"ते मी सुषमासाठी लिहिलं होतं," नूतन म्हणाली.

त्याला कुठलं ते विचारावं लागलं नाही. त्याने खूप वेळ मशीनवरची धूळ पुसली. मशीनवर धूळ नव्हती.

"मला वाटलं, माझ्यासाठी लिहिलंस. उत्तर म्हणून."

"तुला सांगितलं असतं तर तू जाहीर केलं असतंस."

"केलं असतं," तो म्हणाला. "ते जाहीर करायला मला फार आवडलं असतं, नूतन."

"आता...?"

"आता तिला शब्द दिलाय." तो हसला, नीट जमलं नाही. "तो पण सगळ्यांसमोर."

त्याने चहा मागवला. तिने तो पूर्ण प्यायला, गार झाल्यावर.

घरी येऊन नूतनने संस्थेच्या कार्यालयाला अर्ज पाठवला :

'विषय : निवेदन रद्द करणेबाबत. महोदय, सन २०१८ च्या समन्वयक निवडीत मी "हितसंबंध नाही" असे जाहीर केले होते. सदर निवेदन खोटे होते. तरी ते पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजावे, सुषमाची निवड मात्र कायम ठेवावी, मधला काळ दोन्ही संबंधितांना न वापरलेल्या स्थितीत परत करावा, आणि तसे श्री. मनिष यांना माघ महिन्यापूर्वी लेखी कळवावे, ही विनंती.'