विहिरीखालची भिंत

"मागे हो, तिलक! वाकू नकोस!" उर्वशीनं धाकट्या भावाची कॉलर धरून त्याला विहिरीपासून मागे ओढलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही भावंडं मैत्रीण स्नेहलबरोबर फुलचूरहून चिचगडकडे, तिच्या मामांच्या गावी आली होती. रत्नपाल मामांच्या शेतात भर दुपारी पानही हलत नव्हतं. विहिरीच्या पाण्यावर निळी-जांभळी साय पसरली होती. ती हळूच फाटायची, पुन्हा मिटायची. खालून 'गुडुक' असा आवाज यायचा. बेडूक नाही, पाखरू नाही! नुसता उग्र वास.

"खाली कोणीतरी श्वास घेतंय!" तिलक कुजबुजला.

मामा मात्र खुशीत होते. "तेल लागलं तेल! ऊन उतरलं का हिरालाल सुरुंग लावून तळ फोडते. मंग पहा!"

"पण मामा, तेल समुद्राच्या गाळात तयार होतं. इथला खडक तसला नाही," स्नेहल म्हणाली.

"तू मले भूगोल नोको शिकवू!" मामा हसले आणि हिरालालला आणायला निघाले.

तिघं शेजारच्या कोरड्या नाल्यात उतरली. तिथं इतकं शांत होतं की स्वतःच्या पावलांचीही भीती वाटावी. काठाच्या खडकात गारगोटीचा एक पांढरा पट्टा होता. तो मध्येच तुटला होता आणि त्याचं दुसरं टोक हातभर खाली होतं! मधल्या फटीत वरपासून खालपर्यंत राखाडी चिकणमाती.

स्नेहल थबकली. "हा भ्रंश! ताण पडून खडक तडकला आणि एक बाजू खाली सरकली. घासून घासून मधल्या दगडाचं पीठ झालं, त्याचीच ही माती. खऱ्या तेलाच्या प्रदेशातही असं होतं. तेल पाण्याहून हलकं, ते खडकाच्या छिद्रांतून वर चढतं. मग सरकलेला एखादा घट्ट थर आडवा आला, की तिथंच अडून साचतं!"

"म्हणजे ही मातीची भिंत आहे!" उर्वशी ओरडली. "भिंतीच्या अलीकडे मामांची विहीर, पलीकडे गावाचा हातपंप. म्हणून त्याचं पाणी स्वच्छ! पण मग हे अडलेलं तेल आलं कुठून?"

"वास वरून येतोय," तिलक हवा हुंगत म्हणाला.

विहिरीच्या बाजूनं चढ चढत ती दुलीचंद शेठच्या खडी फोडायच्या गिट्टी क्रशरवर पोचली. यंत्रं बंद होती. चौकीदार केशोराव एकटाच बसला होता.

"काऊन आले रे पोट्टेहो इकडं?" मग आवाज दबका करून तो म्हणाला, "इथं काहीतरी हाये. जमिनीतल्या टाकीतलं डिझेल कोन पिऊन राहिला, समजत नाही. कुलूप तर जसंच्या तसं! शेठले सांगतलं, तर हसते."

तिलकनं घाबरून उर्वशीचा हात धरला. ती मात्र टाकीच्या खड्ड्यापाशी वाकली. माती काळी, ओलसर. खालच्या खडकात भेग. आणि तोच वास!

"भूत नाही, काका! टाकी गळतेय! तेच डिझेल भेगांतून विहिरीत उतरतंय, गुडुक गुडुक!"

"आणि हिरालालच्या सुरुंगानं तळाबरोबर ती भिंतही फुटेल!" स्नेहलचा चेहरा उतरला. "पळा!"

तिघं धापा टाकत शेतात पोचली. हिरालाल विहिरीच्या काठावर उभा होता. ओठांत न पेटवलेली बिडी, हातात काडी!

"थांबा!" उर्वशीनं झेप घेऊन त्याच्या हातातली काडी हिसकावली.

"काय करून राहिली, पोरी?" मामा गरजले.

"ते डिझेल आहे, मामा! त्याची वाफ पेटेल! आणि सुरुंगानं भिंत फुटली, तर ते गावाच्या हातपंपात जाईल!"

मामांचा विश्वास बसेना. तेवढ्यात मागून केशोराव आला. "खरं हाये, रत्नपाल. टाकी गळून राहिली. मी आपल्या डोळ्यानं पाहिली."

सगळे विहिरीकडे वळले. ती पुन्हा बोलली. गुडुक. हिरालालच्या तोंडातली बिडी खाली पडली.

सरपंच शालीकरामांनी त्याच संध्याकाळी क्रशरची टाकी रिकामी करायला लावली. विहीर उपसायचं कामही दुलीचंद शेठलाच करावं लागलं. सगळ्या गावासमोर सरपंच म्हणाले, "शाब्बास, पोरांनो! आम्ही मोठे आंधळे झालो होतो."

मामांनी हातपंपावर ओंजळ धरली आणि ते पाणी प्याले. मग स्नेहलच्या डोक्यावर ओला हात ठेवून हळूच म्हणाले, "आज सारं गाव हेच पाणी पिऊन राहिलं, बाई. तुमच्यामुळं."