एक फोन, एक रुग्ण

मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीतून एक बाई नाहीशी झाली होती, आणि तीच बाई खिडकीसमोर उभी होती. हातात तीन वर्षांपूर्वीची पावती.

"डॉक्टर म्हणतात, सहाच महिने उरलेत," ती म्हणाली. "माझा नंबर कितवा, तेवढं बघा."

यादीचा डेटाबेस सांभाळणाऱ्या मॅडमनी नाव शोधलं. नव्हतं. पुसलेल्या नोंदी तपासल्या. तीन वर्षांत एकही पुसलेली नव्हती. त्यांनी नोंदणी कारकुनाला बोलावलं.

"नाव भरलं होतंस ना?"

"भरल्याशिवाय पावती छापतच नाही, मॅडम."

म्हणजे नाव आत गेलं होतं आणि कुणी काढलंही नव्हतं. मॅडमचं डोकं चालेना.

"घरी आणखी कुणी आजारी?"

"धाकटी बहीण. दोघींना एकच दुखणं, आईकडून आलेलं. तिला गेल्या महिन्यात मूत्रपिंड मिळालं. नाव घातल्यावर आठ महिन्यांत. नशीब काढलं पोरीनं." थोरली मनापासून हसली.

इथे तीन वर्षांच्या आत कुणाचा नंबर लागत नसे. मॅडमनी कीबोर्ड जवळ ओढला.

"तिचा फोन नंबर?"

"दोघींत एकच फोन आहे."

मॅडमनी नावाऐवजी फोन नंबर टाकला. एकच ओळ आली. नाव धाकटीचं, नोंदणीची तारीख थोरलीची.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "लोक दोन-दोनदा नावं घुसवायचे, म्हणून नियम केला. एका फोन नंबराची एकच ओळ. तोच नंबर परत आला तर नवी ओळ नाही, जुन्या ओळीतली माहिती बदलायची. तारीख मात्र जुनीच, म्हणजे रांगेतली जागा जात नाही. बहिणीचं नाव आलं, आणि संगणकानं ते तुमच्याच ओळीवर चढवलं."

"म्हणजे ते मला मिळायचं होतं?"

"हो."

"नियम कुणी केला?"

"मी."

कारकून खिडकीपासून बाजूला झाला. मॅडमना रडू येत होतं, पण थोरलीसमोर रडायची लाज वाटली. त्यांनी तो नियम काढला. मागची तारीख संगणक घेत नव्हता, म्हणून तिचं नाव आजच्या तारखेनं भरलं आणि नवी पावती पुढे केली. रांगेत ती शेवटची होती.

थोरलीनं पावती परत सरकवली.

"ही तुमच्याकडेच ठेवा. घरी जुनीच दाखवीन. धाकटीला यातलं काही कळता कामा नये."