कप्पय्याचा उपास

"बाई, त्या मडक्यात काय हाय? दही असन तं जपून धरा. रस्ता लय खराब हाय."

मनकर्णाने मांडीवरचं मडकं आणखी जवळ ओढलं. "दही नाई."

"मंग?"

"बेंडूक."

बंडीवाल्याने मान वळवून मागे पाहिलं. हस्ताचा पाऊस नुकताच थांबला होता. त्याच्या भिजलेल्या केसांवरून एक थेंब घरंगळला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन थबकला. तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"जित्ता?"

"मेलेला कोनी मांडीवर घेऊन बसते का भाऊ?"

तो हसला. मोकळं, सगळे दात दाखवून. मनकर्णाने पटकन मान फिरवली आणि चांद्याचा मागे पडत चाललेला परकोट पाहत बसली. त्या परकोटात पाहण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं.

ही भेट व्हायची नव्हतीच. मनकर्णाचे वडील सोमाजी जंगलखात्यात नाकेदार होते आणि त्यांची सिरोंच्याहून मोहर्लीला बदली झाली होती. चांदा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बापलेक लाकडाच्या ट्रकमधून चांद्याला उतरले, तर त्यांच्यासाठी ठरवलेली बंडी नाल्याच्या पुरात अडकलेली. जटपुरा गेटाशी सामान मांडून दोघं बसले होते. तेवढ्यात मोहर्लीच्या दुकानाचं मीठ-गूळ घेऊन हा पोरगा निघाला. सोमाजींनी हाक मारली, त्याने गुळाच्या भेल्या एका बाजूला सारल्या आणि जागा करून दिली. नाव म्हणाला, लटारू.

"लटारू?" मनकर्णाला हसू आवरलं नाही.

"हसा, हसा. अन् तुमच्या बेंडकाचं नाव काय?"

"कप्पय्या."

आता हसायची पाळी त्याची होती. सिरोंच्याला शेजारपाजार सगळा तेलुगू बोलणारा. तिकडे बेडकाला कप्पा म्हणतात. न्हाणीजवळ सापडलेलं अंगठ्याएवढं पिल्लू मनकर्णाने वाढवलं, तेव्हा शेजारच्या बायांनी त्याला मानाने 'अय्या' जोडलं. मनकर्णाची आई ती लहान असतानाच गेली होती. वडील जंगलात फेरीवर गेले की घरात ती एकटी. दिवेलागणीला रांजणामागून कप्पय्या टुणकन बाहेर यायचा, तिच्या चिमटीतला किडा जिभेने ओढून घ्यायचा आणि तिच्या पायाशी बसून राहायचा. एवढीच काय ती सोबत. पण होती!

मोहर्ली जवळ आली तेव्हा ऊन कलत होतं. शेवटच्या नाल्यात बंडीचं चाक खोल चाकोरीत गेलं. बंडी कलली, मडकं कललं, वरचं ओलं फडकं सुटलं आणि कप्पय्याने जी झेप घेतली ती थेट डाव्या बैलाच्या पाठीवर! बैल असा काही उधळला की विचारू नका; बेडूक तिथून उडून नाल्यात. सोमाजी गुळावर आडवे. मनकर्णा ओरडली, "माहा कप्पय्या!"

लटारूने कासरा सोमाजींच्या हाती कोंबला आणि धाडकन पाण्यात उडी मारली. गुडघाभर चिखलात तो ओणवा होऊन चाचपत राहिला... आणि मग दोन्ही हातांची ओंजळ जपून मिटून बंडीपाशी आला.

"घ्या जी. तुमचे साहेब."

त्याच्या ओंजळीतून तिच्या ओंजळीत बेडूक जाईस्तोवर चार हात एकमेकांत अडकले. जरा जास्तच वेळ अडकले. चिखल होता ना — निसटायची भीती होती!

बेडूक सापडला खरा, पण खायचा थांबला.

पहिल्या दिवशी मनकर्णाला वाटलं, दमला असेल. पुढे तिचा धीर सुटत चालला. कप्पय्या मडक्याच्या तळाशी अंग फुगवून, डोळे मिटून बसलेला. हिरवट तुकतुकीत कातडी मातकट पडली. चिमटीत धरलेला टोळ त्याच्या तोंडाशी नेला, की तो तोंड फिरवून भिंतीला टेकायचा.

लटारू दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाला. खांद्यावर पंचा, हातात पळसाच्या पानांचा द्रोण.

"गांडूळ आणले."

"खाईल?"

"न खाऊन सांगते कोनाले!"

नाही खाल्लं. मग वारूळ फोडून उधई आणली, मग हिरवे नाकतोडे, मग कुठून तरी शोधलेल्या गुबगुबीत अळ्या. रोज नवं पक्वान्न. कप्पय्याचा उपास काही सुटेना.

"तुमच्या बंडीनंच भेला तो," मनकर्णा एकदा रागाने म्हणाली.

"हो जी. म्हनून तं येऊन राह्यलो." तो उंबऱ्याशी बसला. मग हळूच म्हणाला, "त्यानं पयल्याच दिवशी खाल्लं असतं तं... मले दुसऱ्या दिवशी यायले कारन नसतं भेटलं."

मनकर्णाने द्रोणात काहीतरी शोधत असल्यासारखी मान खाली घातली. कान मात्र तापले.

गावात बातमी पसरली होती — नाकेदाराच्या पोरीनं बेंडूक पोसला! बाया पाण्याला जाता-येता डोकावू लागल्या. म्हातारे काठी टेकत आले. कोणी मडक्यावर टिचकी मारून पाहिली, कोणी काडीने हलवून. "मेला का वं?" "नाई, श्वास हाय." लटारूची आई शकुबाई तर रोज यायची. तिने पहिल्याच भेटीत आडनाव, गाव, आजोळ सगळं विचारून घेतलं होतं. नात्यातलेच दूरचे निघाल्यावर समाधानाने पान लावलं होतं.

गाव वाईट नव्हतं. पण मनकर्णाला इथे श्वास कोंडल्यासारखा व्हायचा. सिरोंच्याची नदी नाही, कानांच्या सवयीची तेलुगू नाही, आणि आपलं म्हणावं असं जे एक आणलं होतं तेही डोळ्यांदेखत वाळत चाललेलं. "सोडून दे त्याले तळ्यात," सोमाजी म्हणायचे. ती मान हलवायची. एवढा अशक्त झालेला जीव पाण्यात सोडायचा म्हणजे बगळ्याच्या चोचीतच द्यायचा की!

लेकीचं उतरलेलं तोंड बापाला पाहवेना. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं.

"मना, तू आपल्या शेजारच्या मावशीकडे जा सिरोंच्याले. परवा चांद्याहून ट्रक निघते. लटारूले सांगतलं म्या, उद्या सकाळी बंडी जोडाले."

सिरोंचा! हेच तर हवं होतं तिला. मग सामान बांधायला हात का उचलेना?

दुपारी शकुबाई ताट घेऊन आली. तिच्यासोबत आणखी बाया होत्या. "जाऊन राह्यली म्हने पोरगी. सकाळपासून काई खाल्लं नसन. घे माय, भात-वरण हाय, वांग्याची भाजी हाय."

ताट पुढ्यात आलं. बाया गोल करून बसल्या. सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर, घासावर, तोंडावर.

"खाय ना वं."

"लाजू नोको."

"जरा मोठा घास घे."

मनकर्णाने घास तोंडात घातला. तो फिरत राहिला, खाली उतरेना. डोळे मिटून घ्यावेत आणि भिंतीकडे तोंड करून बसावं, असं तिला वाटलं...

तिने ताटावरून नजर उचलली आणि कोपऱ्यातल्या मडक्याकडे पाहिलं. तिथेही दोघीजणी वाकून बसल्या होत्या. एकीच्या हातात काडी.

"अवं माय!" मनकर्णा ताडकन उठली. "उठा! सगळ्या बाहेर व्हा!"

बाया थक्क. शकुबाईचा हात पानाच्या डब्यावरच राहिला. "काय म्हनलं वं?"

"आत्या, तुमच्या पाया पडते, राग नोका मानू. पन मले एवढ्या डोळ्यांपुढं खाता येत नाई... त्याले कसं खाता येईल? आल्यापासून एक घडी कोनी त्याले एकटं सोडलं नाई. मी बी नाई सोडलं. उठता-बसता मीच फडकं उचलून पाह्यते!"

आता गेलं सगळं, मनकर्णाला वाटलं. एवढ्या मायेने ताट आणलं, आणि आपण घराबाहेर काढलं त्यांना. मग शकुबाईच्या गालावर खळी पडली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला गं बायांनो. आपन बी नव्या नवरीचा जीव खाल्ला अन् बेंडकाचा बी." आणि सगळ्या खिदळत कुंपणापलीकडच्या चिंचेखाली जाऊन बसल्या.

लटारू बंडीच्या चाकाला तेल देऊन तिकडूनच येत होता. सगळा प्रकार ऐकून तो कामाला लागला. त्याने रांजणामागची जागा पाणी शिंपून गार केली, खापरांचा आडोसा केला. मनकर्णाने मडकं आडवं ठेवलं, वर भिजवलेलं पोतं टाकलं. लटारूने बांबूच्या पोकळ नळीतून एक जाडजूड रातकिडा आत सोडला. दोघांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून.

आभाळ भरून आलं होतं. भुरभुर सुरू झाली. पडवीच्या कौलांवरून पाण्याची बारीक धार गळू लागली. आतल्या अंधाराला रात्र समजून रातकिडा बोलायला लागला. किर्र... किर्र...

"म्हणजे खाल्लं नाई अजून," मनकर्णा कुजबुजली.

"वळून पाहू नोका."

"नाई पाहत."

किर्र... किर्र...

"लटारूभाऊ, उद्या केव्हा निघायचं?"

त्याने पायरीवरची एक काडी उचलून तिचे तुकडे केले. "एक गोठ सांगू? भाऊ नोका म्हनू."

"मंग काय म्हनू?"

"काई बी म्हना. बंडीवाला म्हना. बेंडकाचा आचारी म्हना. भाऊ तेवढं नोका."

मनकर्णा हसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पावसाचे तुषार त्यांच्या पायांवर उडत होते. दोघांनीही पाय मागे घेतले नाहीत.

"म्या काल नाकेदारसाहेबाले हो म्हनलं," लटारू म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "घरी गेलो तं झोप नाई. वाटलं, सकाळी सांगाव, बैल लंगडून राह्यला. मंग वाटलं, चाक मोडलं म्हनून सांगाव. खोटं किती बोलन मानूस? तुमाले जायचं असन तं मी नीट पोचवून देईन, एक धक्का बसू देनार नाई. पन..."

किर्र... किर्र...

"पन?"

"पन येताना बंडीतली ती जागा रिकामी दिसन. तुमी बसत होत्या ती. मले नाई जमनार जी ते. मले वाटते तुमी इथंच राह्यावं. बेंडूक जगो का न जगो... माह्या घरी राह्यावं. मी —"

तो थांबला. तीही श्वास धरून बसली.

कारण आत सगळं शांत झालं होतं.

रातकिडा बोलत नव्हता.

मनकर्णाने त्याचा हात केव्हा धरला, ते तिलाही कळलं नाही. दोघं थिजून बसले. पाऊस वाजत होता, चिंचेखाली बायांची कुजबुज चालली होती, आणि दाराआड — काही नाही. नुसती शांतता.

"पळाला असन का?" ती पुटपुटली.

"थांबा जरासं."

ती थांबली. मग मात्र राहवेना. मांजराच्या पावलांनी दोघं आत गेले. तिने पोत्याची कड बोटभर उचलली. कप्पय्या मडक्याच्या तोंडाशी बसला होता. त्याच्या ओठाबाहेर रातकिड्याचा एकच पाय लोंबत होता. पुढच्या इवल्याशा हाताने तो पाय त्याने आत ढकलला, दोन्ही डोळे गपकन आत ओढले आणि गिळलं. मग डोळे उघडले. टप्पोरे, स्वच्छ. आणि घशाची पिशवी आपली हलू लागली, नेहमीसारखी.

मनकर्णाने पोतं खाली सोडलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. ती हसत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. कितीतरी दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता, खांदे सैल पडले होते. लटारू शेजारी उकिडवा बसून तिच्याकडे पाहत राहिला. स्वतःच जेवून उठल्यासारखा तृप्त.

"खाल्लं जी!" त्याने दारातून बाहेर ओरडून सांगितलं, आणि लगेच जीभ चावली. चिंचेखालून शकुबाई दबक्या आवाजात ओरडली, "हळू बोल ना बावा! तो जेवून राह्यला!"

"मघा तुमी काई म्हनत होते," मनकर्णा म्हणाली. नजर जमिनीवर. "ते अर्धंच राह्यलं."

"पुरं करू?"

"करा ना."

पण ते पुरं व्हायच्या आत अंगणात पावलं वाजली. सोमाजी फेरीवरून परतले होते. भिजलेली टोपी झटकत त्यांनी एकवार चिंचेखालच्या बायांकडे पाहिलं, मग दारातल्या लटारूकडे.

"का रे, उद्या बंडी केव्हा जोडतं?"

मनकर्णा पदराने डोळे पुसत पुढे झाली.

"बाबा, बंडी नोको. मी इथंच राह्यते."

"इथंच?" सोमाजी चकित झाले. "कालपर्यंत तं रडत होती. बेंडकानं खाल्लं म्हनून?"

मनकर्णाने लटारूकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, सरळ, पहिल्यांदाच. तो कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली उभा होता आणि बाजूला सरकायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"बेंडकासाठी बी," ती म्हणाली.

सोमाजींनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा लटारूकडे. मग कुंपणाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "शकुबाई! या बरं जरा इकडं. बसून बोलू."